पुरुषभर खोल

टेकडीच्या खाणीभोवती पौषात तार लागली. आदल्या पावसाळ्यात कडा सुटून खालची दोन घरं गाडली गेली होती, तेव्हापासून खणायला बंदी येणार असं ऐकू येत होतं. आली. तारेला मधोमध लाल फडकं बांधलं होतं. माझी मा, म्हणजे आई, टोपली पालथी घालून त्या फडक्यासमोर बसली. मग उठली, टोपलीचं बूड झटकलं आणि म्हणाली, "चल पुतुल. यंदा मडकी."

मडकी कोण घेतं? आमच्या रुद्रपाल कुंभारांच्या पाड्यात एके काळी बारा चाकं फिरायची. आता प्रत्येक दारात प्लास्टिकची बादली होती, आमच्याही. आमची चूल पेटत होती ती छिकरवर. छिकर म्हणजे खायची माती. टेकडीच्या पोटातली पांढुरकी, खडा नसलेली माती भिजवायची, तुडवायची, थापून बोटभर लांबीच्या वड्या पाडायच्या. त्या आधी सावलीत, मग उन्हात वाळवायच्या आणि तळाला भोक पाडलेल्या मडक्यात रचून तुसाच्या धुरावर सहा तास ठेवायच्या. धूर मुरला की वडी आतपर्यंत काळपट होते आणि दातांखाली कुरकुरते. पोटुश्या बायकांना तिची ओढ लागते. आजूबाजूच्या गावांत आणि चहाच्या बागेत डोहाळजेवणाच्या ताटात मासा, पायस आणि छिकर या तीन वस्तू असल्याच पाहिजेत.

मातीचा एक नियम होता. खड्ड्यात उभं राहिल्यावर डोकं जमिनीखाली गेलं पाहिजे. तोवर निघेल ती माती मडक्यांची. त्याच्या खालची, पायाखालची, ती खायची. माच्या सासूनं तिला हे सांगितलं होतं आणि मानं मला. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा मा म्हणाली होती, "वरच्या मातीला माणसाचा वास येतो."

मी शहरात राहून प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती आणि सात महिने घरी बसले होते. माघात मला काम मिळालं. एक कॉलेज चांदछडा बागेतल्या मजुरांच्या जंतांची पाहणी करत होतं. लाइनींतून, म्हणजे मजुरांच्या घरांच्या रांगांतून, फिरून डब्या वाटायच्या, सकाळी शौचाचे नमुने गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची, गोळी द्यायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. सूक्ष्मदर्शक त्यांनी माझ्या घरीच ठेवला. तो खिडकीशी, माच्या वड्या वाळायच्या फळीवर बसला. मा रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पदरानं पुसायची आणि भिंगाला हात लावायची नाही.

त्याच महिन्यात नवा खड्डा मी शोधला.

लाइनींच्या खालच्या अंगाला नाला होता. त्याच्या काठाला चिकणमाती होती, रंगानं जवळपास टेकडीसारखी. मी कुदळ घेऊन गेले. माचे गुडघे सुजलेले होते, ती काठावर बसून राहिली. मांडीपर्यंत खणलं तर पाणी लागलं. आणखी खाली जाता येईना.

"इथली नको," मा म्हणाली.

"माती तीच आहे. बघ, चोळून बघ."

तिनं चिमूट घेतली, अंगठ्यानं चोळली, नाकाशी नेली. मग वर बघितलं. वर काठाच्या झुडपांत बागेतली दोन पोरं उकिडवी बसली होती, प्रत्येकाच्या शेजारी पाण्याचा डबा.

"इथं सगळी लाइन बसते," ती म्हणाली.

मला ते माहीत होतं. पाहणीच्या कागदावर 'शौचाची जागा' असा एक रकाना होता. त्यात घरागणिक मीच लिहिलं होतं: नाल्याकाठ, नाल्याकाठ, नाल्याकाठ.

"सहा तास धुरावर भाजल्यावर काय जिवंत राहतंय मा? उष्णतेनं सगळं मरतं. मी शिकलेय ते."

"शिकलीस खरी," मा म्हणाली. तिनं टोपली पुढं सरकवली. मी भरली. ती ओली टोपली डोक्यावर घेऊन मी बांधावरून चालले तेव्हा तिचं गढूळ पाणी कानामागून गळ्यात उतरत होतं आणि मला वाटत होतं, घर मी सावरलं.

सहा तासांचे तीन तास झाले तेही माझ्यामुळे. गिरणी आता तूस स्वतःच जाळायची, आम्हाला पोत्यांऐवजी मापानं मिळायचं. शिवाय बागेतल्या बायका सांगायच्या, तुमची छिकर फार करपलेली, मातीचा वास राहतच नाही. पहिल्या पावसाची ढेकळं असतात ना, तसा वास त्यांना हवा होता. मी माला म्हटलं, बागेसाठी वेगळी भट्टी लाव, अर्ध्या धुराची. मानं लावली. त्या वड्या बाहेरून राखी झाल्या. मोडल्या की आत पांढऱ्या दिसत.

आणि कागदही माझाच. मोबाइलवर मला कुठल्या तरी दूरदेशीची एक बाई दिसली. ती मातीची भुकटी डबीत घालून विकत होती. नैसर्गिक खनिजं, पोटातले जंत धुऊन काढायला मदत करतात, असं हसत हसत सांगत होती. तिनं कुणाचे जंत मोजले, आधी किती होते, नंतर किती राहिले, माती न खाणाऱ्यांचे किती गेले, यातलं काही ती सांगत नव्हती. हे प्रश्न कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. मी विचारले नाहीत. वहीची पानं कापून मी त्यावर सुबक अक्षरात लिहिलं: 'टेकडीची शुद्ध छिकर. नैसर्गिक खनिजांनी युक्त. पोटातील जंत व घाण साफ करते.' दर दहा वड्यांच्या पुडीत एक कागद घातला.

मला लिहिताना बघून मानं विचारलं, "काय लिहिलंयस?"

मी वाचून दाखवलं.

"जंत?" ती म्हणाली. "आपण तर तोंडाला चव म्हणून करतो."

"त्यात खनिजं असतात मा."

"असतील. जंत जातात असं माझी सासू कधी म्हणाली नाही." तिनं पुडीला दोरा गुंडाळला, गाठ दातानं ओढली. "टेकडीची तरी कशाला लिहितेस?"

मी म्हटलं, जुने कागद आहेत. नव्हते. शाई वाळायची होती.

*

फाल्गुनात बागेला पहिली पालवी फुटली. दुपारी वजनाच्या शेडमध्ये बायका पाठीवरच्या टोपल्या उतरवून बसल्या की मी जायची, एका पिशवीत पाहणीचे निकाल आणि गोळ्या, दुसऱ्या पिशवीत छिकर. बायका कोवळी पानं हातावर चुरडत, त्यात कांदा, हिरवी मिरची, मुरमुरे कालवून खात. जागा करून देत.

"आली बघा पुतुलदीदी," भानूमासी म्हणाली. ती सगळ्यांत जुनी तोडणारी, बोटं चिरलेली, जीभ त्याहून धारदार. "एका हातानं आमची शी नेते, दुसऱ्या हातानं माती खायला देते. आमच्याकडून काय घेते न् आम्हाला काय देते!"

बायका इतक्या हसल्या की एकीच्या नाकात मिरची गेली.

"तू शी दिलीच नाहीस मासी," मी म्हटलं. "तुझी डबी रिकामी आली."

"माझी मी कुणाला देत नाही. घरात एवढी एकच गोष्ट माझी आहे." मग तिनं माझा हात धरून उलटा केला आणि सगळ्यांना दाखवला. "बघा. शिकलेली माती मळते, न शिकलेली पान तोडते. नखं दोघींची काळीच."

तिच्या शेजारी तिची सून बसली होती, सोनामती बाउरी. एकोणीस-वीस वर्षांची. चौथा महिना संपत आला होता. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. ती कमी बोलायची आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तिच्या नमुन्यात मला अंकुशकृमीची अंडी सापडली होती, एका काचेवर नऊ. फार नाहीत. चहाच्या ओळींतून अनवाणी फिरणाऱ्यांच्या तळव्यांतून हे जंत शिरतातच. मोठ्या गोल जंताचं एकही अंडं नव्हतं. ते वहीत आहे, माझ्याच अक्षरात: गोलकृमी, शून्य.

मी तिला गोळी दिली. बागेच्या दवाखान्यातल्या नर्सला विचारून आले होते. तीन महिने उलटल्यावर चालते, उलट घ्यावी, असं तिनं सांगितलं होतं.

भानूमासीनं ती गोळी सुनेच्या तळहातावरून उचलली, उजेडात धरली. "जंत मारणार ही?"

"हो."

"पोटात जंत आहे, पोटात पोर पण आहे. हिला कसं कळणार कोण कोण आहे?"

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सोनामतीनं गोळी परत घेतली आणि पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. माझाच कागद. तो ती वाचू शकत नव्हती, कुणाकडून तरी वाचून घेतला होता.

"यात लिहिलंय ना, छिकरनं पण जंत जातात," ती म्हणाली. "मग गोळी कशाला? छिकर चालेल ना, दीदी?"

त्या क्षणी माझ्या पुढ्यात चोवीस पुड्या होत्या. सगळ्या बायका हात धुऊन बसल्या होत्या, विकत घ्यायच्या बेतात. मी नाही म्हटलं असतं तर कागद खोटा ठरला असता आणि कागद कुणी लिहिला ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"तेही काम करतं," मी म्हटलं.

एवढंच. वर 'पण गोळी घे' असंही म्हणाले, पण ते हळू म्हणाले आणि पुडीचा दोरा सोडता सोडता म्हणाले.

छिकर देण्याची एक रीत आहे. करणारीनं पहिली वडी मोडायची, अर्धी स्वतः खायची आणि उरलेली अर्धी पोटुशीच्या हातात द्यायची. त्याशिवाय ती खात नाही. मी राखी वडी मोडली. आत पांढरी होती. कॉलेजात जंतांचा धडा झाल्यापासून मी माती तोंडात घातली नव्हती. मी अर्धा तुकडा ओठांना लावला, मूठ मिटली आणि तोंड हलवलं. सोनामती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं आपली अर्धी घेतली आणि डोळे मिटून खाल्ली, सावकाश, जिभेवर विरेपर्यंत.

चोवीस पुड्या गेल्या. मुठीतला तुकडा मी वाटेत नाल्यात टाकला.

*

चैत्र आणि वैशाख आम्ही नुसते राबलो. पहाटे मी खड्ड्यावर जायची, आठ वाजता लाइनीत, दुपारी बागेत, संध्याकाळी माती तुडवायला. माचे गुडघे धुरापाशी शेकून थोडे सुटले, डोळे मात्र कायम लाल. ती भट्टीजवळ बसून वड्या उलटायची आणि अधूनमधून एखादी मोडून बघायची. एकदा म्हणाली, "हिला वास येतो."

"त्यांना तोच वास हवाय मा."

"तो नव्हे," ती म्हणाली आणि पुढच्या वड्या उलटू लागली.

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात सोनामती ओळीत पडली. पाठीवर आठ किलो पानं होती. टोपलीच्या पट्ट्यानं कपाळ मागं ओढलं गेलं आणि ती झुडपांच्या मधल्या चरात बसली, ती उठलीच नाही. बायकांनी उचलून दवाखान्यात नेली. मी नमुन्यांसाठी तिथंच होते. नर्सनं तिच्या पापणीची खालची कड ओढून दाखवली. लाल असायला हवी ती, वाळलेल्या कागदासारखी दिसत होती. रक्त सहा पूर्णांक आठ भरलं, अकरा हवं होतं.

"गोळी घेतली होतीस?" नर्सनं विचारलं.

सोनामतीनं माझ्याकडे बघितलं. "छिकर खात होते," ती म्हणाली. "रोज. तीन-चार."

नर्स कपाळावर हात मारून मला म्हणाली, "ऐका! माती पोटातलं लोहसुद्धा धरून ठेवते. मी दिलेल्या लाल गोळ्या काय, वाया! आणि यांना कुणी सांगितलंय म्हणे, मातीनं जंत जातात. कोण असलं सांगतं यांना?"

मी डबीवर नाव लिहीत होते. एकदा लिहिलेलं नाव पुन्हा गिरवत राहिले.

घरी येऊन सगळ्यांत आधी तिचाच नमुना लावला. अंकुशकृमी, एकतीस. आणि गोलकृमी. मी मोजू लागले. काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग खालची ओळ. तपकिरी, गोलसर, कडेला नक्षीसारखे फुगवटे असलेली. एकशे चार. मी पुन्हा मोजली. एकशे सहा.

गोल जंत पायांतून येत नाही, तोंडातून येतो. पोटात गेल्यापासून अंडी घालेपर्यंत त्याला दोन-अडीच महिने लागतात. मी फाल्गुनापासूनचे दिवस बोटांवर मोजले. मग स्वतःला सांगितलं की तिथलं पाणी घाण आहे, पोरांचे हात घाण असतात, लाइनीत कुणालाही कुठूनही होऊ शकतो. हे सगळं खरंही होतं. त्या दिवशीचे सतरा नमुने संपवले, हात धुतले, सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं. परत काढलं.

मडक्यातून अर्ध्या धुराच्या पाच वड्या घेतल्या. पाण्यात विरघळवल्या, फडक्यातून गाळल्या, खाली बसलेला गाळ मिठाच्या घट्ट पाण्यात ढवळला. अंडी मिठाच्या पाण्यावर तरंगतात. वाटीच्या तोंडावर काच टेकवून वीस मिनिटं थांबले. उन्हाची तिरीप खिडकीतून सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर पडत होती.

पहिल्याच नजरेत दोन दिसली. मग एक. मग चार. शेवटच्या अंड्याच्या आत वेटोळं होतं. मी भिंग जवळ आणलं. वेटोळं हललं.

माझ्या मागं मा उभी होती. हात कोपरापर्यंत मातीचे. "काय दिसतंय एवढं? मला दाखव."

मी सरकले. तिनं हात पाठीमागे बांधले, भिंगाला लागू नयेत म्हणून, आणि वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"आत वळवळतंय काहीतरी."

"हं."

"कुणाच्या नमुन्यात?"

मी फळीवरच्या वाटीकडे बोट दाखवलं. वाटीशेजारी अर्धी मोडलेली वडी होती. मानं ती ओळखली. तिनं ती उचलली, वास घेतला, पुन्हा तिथंच ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. अंगणात गेली आणि भट्टीत पाणी ओतलं. धूर सगळ्या घरात पसरला. मग एकेक मडकं उचलून तिनं आतल्या वड्या उकिरड्यावर ओतल्या, वरून चुना टाकला. खोलचे, जुने, पूर्ण काळे झालेले तुकडे एका डब्यात होते, पौषाआधीचे. तेही तिनं टाकले. मी म्हटलं, ते चांगले आहेत. ती म्हणाली, "आता कोण वेगळे ओळखणार?"

*

सोनामतीचं डोहाळजेवण परवावर आलं होतं. सातवा महिना. छिकर घेऊन करणारीनं स्वतः यायचं असतं. न जावं तर अपशकून, रिकाम्या हातानं जावं तर त्याहून वाईट. मानं चिंच आणि भाजलेल्या तांदळाचे लाडू केले, ताटात रचले, वर धुतलेलं फडकं घातलं. माझ्या पिशवीत गोळ्या होत्या. नर्सनं लाइनीतल्या सगळ्यांसाठी दिल्या होत्या आणि बजावलं होतं, सोनामतीनं आता घेतलीच पाहिजे.

त्या दिवशी बांधावरून जाताना मा पुढं होती. न वळता म्हणाली, "तिथं मी बोलेन. तू गप्प राहायचं."

"काय बोलणार?"

"माझ्या हातून माती बिघडली म्हणून."

"खड्डा मी खणला मा."

"मला शिव्या देतील, चार दिवसांनी विसरतील. मी चिखलातली म्हातारी. तुझ्यावरचा विश्वास गेला तर तुझ्या हातची गोळी कोण घेणार?" ती थांबली, ताट दुसऱ्या हातावर घेतलं. "त्या पोरीनं आज ती गोळी घ्यायला पाहिजे ना? मग."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी विसरलेले नाही.

बाउरींच्या अंगणात चटईवर सोनामती बसली होती, कपाळावर कुंकू, पाय सुजलेले, ओठ पांढरे. भोवती लाइनीतल्या बायका. समोरच्या ताटात पाच भाज्या, मासा, पायस. एक वाटी रिकामी ठेवली होती, छिकरसाठी.

मानं चिंच-लाडवाचं ताट खाली ठेवलं. भानूमासीनं फडकं उचललं.

"छिकर कुठंय?"

"नाही आणली," मा म्हणाली. ती उभीच होती. "यंदाची माती बिघडली. माझाच हात चुकला. टेकडी बंद झाली, मी वरची माती घेतली. तिच्यात जंताची अंडी निघाली. ज्यांच्याकडे पुड्या असतील त्यांनी टाकून द्या."

एकदम सगळ्या बोलू लागल्या. एकीनं आपल्या पोराला जवळ ओढलं. भानूमासी उठून माच्या समोर आली.

"तीस वर्षं माती करतेस निभा! तीस वर्षं. माझी चार पोरं तुझ्या हातची छिकर खाऊन झाली. म्हातारपणी एवढी हाव सुटली? माझ्या सुनेला हागणदारीची माती चारलीस?"

मानं मान खाली घातली. तिच्या मानेवर भट्टीचा काळा डाग होता, सकाळी घासूनही राहिलेला. मी त्या डागाकडे बघत राहिले.

"आता पुतुल काय सांगते ते ऐका," मा म्हणाली. "तिची गोळी घ्या. तिनंच शोधून काढलं हे."

"तू सांगतेस म्हणून नाही, ती सांगते म्हणून," भानूमासी फणकारली आणि माझ्याकडे वळली. "दे गं दीदी. शिकलेल्याचा उपयोग तरी झाला."

मी सोनामतीपुढं बसले. गोळी तिच्यासमोर धरली. सगळं माच्या सांगण्यासारखं झालं होतं. फक्त सोनामतीनं हात पुढं केला नाही. तिनं पदराची गाठ सोडली. त्यातून फाल्गुनातली गोळी काढली, कागदासकट. दबून तिचा चुरा झाला होता. तिनं तो माझ्या गुडघ्याशी ठेवला.

"त्या दिवशी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज एवढासा, पण सगळ्यांना ऐकू गेला. "छिकर चालेल का म्हणून. तू म्हणालीस, तेही काम करतं. तेव्हा तुला माहीत होतं?"

माझ्या मागं मा हलली. तिनं पायानं माझा पाय दाबला.

"नव्हतं," मी म्हटलं.

"काम करतं ते माहीत नव्हतं, की करत नाही ते?"

"काम करतं असं मला माहीत नव्हतं. तरी म्हणाले." मग उरलेलंही बोलले, तिच्या पायांच्या सुजेकडे बघत. "खड्डा पण मी खणला. मा नको म्हणत होती. धूर मी कमी करायला लावला. टेकडीची माती असं मी लिहिलं, ती टेकडीची नव्हती."

भानूमासी मटकन चटईवर बसली. मा माझ्या मागून निघून कुडाच्या भिंतीशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एक पोर पायस मागत रडू लागलं, त्याला कुणीतरी दटावलं.

सोनामती माझ्या तोंडाकडे बघत होती. शेडमध्ये बघत होती तशीच.

"तू अर्धी खाल्ली नव्हतीस," ती म्हणाली. "मी बघितलं होतं."

"मग तू का खाल्लीस?"

"मला वाटलं, शिकलेल्यांना माती आवडत नसेल." ती जरा थांबली. "गोळ्या किती आहेत?"

"पुष्कळ आहेत."

"मग आधी तू."

मी पिशवीतून आणखी एक काढली. चावून खायची गोळी ती, रुपयाएवढी, पांढरी. वेष्टण फाटेना. भानूमासीनं ते माझ्या हातातून घेतलं, दातानं फाडलं आणि परत दिलं. अंगणातल्या सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी गोळी ओठांशी नेली.

"लावू नकोस नुसती," सोनामती म्हणाली. "चाव."

मी चावली. तिचं पीठ झालं, टाळूला चिकटलं. गिळलं तरी संपेना. चव मला ओळखीची होती, लहानपणी मा भट्टीजवळ बसवून पहिली वडी मोडून द्यायची तेव्हाची. मी तोंड उघडून सोनामतीला जीभ दाखवली. वर, खाली. लहान मुलं दाखवतात तशी.

तिनं नीट बघितलं. मग तळहात पुढं केला.